मधली कोरी माती

१

आयुष्यात मला कधी फसवलं नाही अशी वस्तू एकच, पोलादी मोजपट्टी. बायको माहेरी गेली ती गेलीच, साहेबलोकांनी दिलेले शब्द फिरवले, भावाने अंगणातली जर्दाळूची झाडं स्वतःच्या नावावर करून घेतली. पण तीन मीटर म्हणजे तीन मीटरच, याबद्दल मला शंका नव्हती. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत.

आमच्या गावावरच्या टेकडीत एक जुनं शहर गाडलेलं आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर चित्रं. उघडी पडली की ती एका पावसात जातात, म्हणून खणणारे लोक मला बोलावतात. मी चित्रावर जाळीचं कापड चिकटवतो, मागून करवतीने भिंत कापतो, तुकडे पालथे घालून ट्रकने खाली आणतो आणि आमच्या म्युझियममध्ये पुन्हा जोडतो. त्या उन्हाळ्यापर्यंत सतरा वर्षं हेच करत आलो होतो. गाव मला उस्तो म्हणतं, म्हणजे कारागीर.

या कामाचा नियम साधा आहे. उरलंय तेवढंच दाखवायचं. रंग जिथे पडून गेलाय तिथे साधी माती लिंपायची, एक रेघ ओढायची नाही, आणि त्या कोऱ्या मातीचं माप बोटभरही बदलायचं नाही. टेकडीवरचं खोदकाम बघणाऱ्या वेरा अंतोनोव्हना बाई मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "रंग काय, कुणीही सांभाळेल. तुम्ही रिकामी जागा सांभाळा."

त्या वर्षी सापडलेलं चित्र लढाईचं होतं. डावीकडे लढाऊ हत्ती, अंगावर झूल, सोंड वर. उजवीकडे पाच शिपाई, लोखंडी कड्यांची चिलखतं घातलेले, भाले रोखलेले. पहिला शिपाई गुडघ्यावर, ढालीच्या आड. आणि हत्ती आणि शिपाई यांच्या मध्ये काहीच नाही. एक मीटर चाळीस सेंटिमीटर कोरी माती. तिथलं लिंपण कधीकाळी गळून पडलं होतं. मी ते तीनदा मोजलं होतं.

२

आमचे डायरेक्टर फत्तोह मुअल्लिम. शाळेत शिकवत होते तेव्हापासून सगळे त्यांना मुअल्लिमच म्हणतात. राजधानीहून समिती शनिवारी येणार म्हणून ते दोन आठवडे नुसते भिरभिरत होते. ज्या हॉलमध्ये चित्र लावायचं तिथली भिंत पाच नव्वद भरली, आणि चित्र होतं सात वीस.

"मग मधली माती कमी करा," मुअल्लिम म्हणाले. "दहा सेंटिमीटर ठेवा, पुष्कळ झाली."

"तसं करता येत नाही, मुअल्लिम."

"का? ती माती तिकीट काढून बघायला कोण येणार आहे? माती बघायची तर लोकांच्या अंगणात थोडी आहे का?"

"हत्ती त्यांच्या नाकाशी येईल."

"येऊ द्या की! लढाई आहे ती, लग्नाची पंगत नाही."

तीन दिवस मी भांडलो. वेरा बाई लेनिनग्राडला परत गेल्या होत्या, माझ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी मुअल्लिमांनी चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि अगदी सहज म्हणाले, "ओयनिसा मावशींचं वय किती हो झालं? अडुसष्ट? माझी मेव्हणी बिचारी घरीच बसून असते."

मधली माती कमी करायच्या कागदावर मी सही केली.

ओयनिसा माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिनेच मला वाढवलं. नवरा गेल्यावर ती त्या हॉलमध्ये राखणीला बसायला लागली. चित्रासमोरच्या भिंतीला टेकलेली एक खुर्ची, वर तिची रजईची घडी. दिवसातून तीन वेळा उठायचं, चित्राशेजारी टांगलेल्या यंत्रावरून हवेतला ओलावा बघायचा आणि वहीत लिहायचा. "मला घरी बसवलंत तर मी मरेन," ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. घरी तिच्याशी बोलायला फक्त कोंबडी होती.

तर मी एक मीटर तीस सेंटिमीटर माती काढून टाकली. हत्तीचं सोंड उगारलेलं डोकं त्या गुडघ्यावर बसलेल्या शिपायाच्या ढालीजवळ आणून स्क्रूने बसवलं. मागे सरून बघितलं आणि मला स्वतःचाच संताप आला. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी खोटं काम केलं होतं.

३

सोमवारी दुपारी मावशी मोठ्या खुशीत होती.

"मिर्झो, त्या डॉक्टरणीचं मलम लागू पडलं बघ. गुडघे अगदी मोकळे झालेत. यंत्रापर्यंत आज दहा पावलांत गेले."

"बरं झालं."

"बरं झालं काय? आठ वर्षं अकरा पावलं होतात माझी. काठीसकट मोजलेली. सुनेसारखं चालतेय मी!"

मी हसलो आणि कामाला लागलो. बुधवारी ती पुन्हा म्हणाली, आता साडेनऊच. या वेळी ती खुशीत नव्हती. "मलम संपलंय," ती म्हणाली, "मग हे कसं रे?"

तिची समजूत काढायची म्हणून मी पट्टी घेतली. चित्रापासून तिच्या खुर्चीमागच्या भिंतीपर्यंत अंतर सहा साठ, ते मला तोंडपाठ होतं. पट्टी पाच पंच्याऐंशी दाखवत होती.

मी पुन्हा मोजलं. पट्टी वाकली असेल म्हणून दुसऱ्या टोकाकडून मोजलं. पाच पंच्याऐंशी. मग फरश्या मोजल्या: बावीस. प्रत्येक फरशी तीस सेंटिमीटरची. गुडघ्यांवर रांगत मी एकेक फरशी वेगळी मोजली. बावीसच्या बावीस तीसच्या. बावीस तिसे सहाशे साठ, हे आमच्या गावचं गाढवही सांगेल. पण पट्टी एका दमात पसरली की पाच पंच्याऐंशी.

माझ्या कपाळाला घाम आला, आणि तो भीतीचा नव्हता, रागाचा होता. कुणीतरी माझी थट्टा करत होतं आणि ते कोण आहे तेच कळत नव्हतं.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"पट्टी बिघडली."

"तुझी पट्टी?" ती म्हणाली. "त्यापेक्षा सूर्य बिघडला म्हण."

४

संध्याकाळी गालिचा आला. समितीसाठी मुअल्लिमांनी शेजारच्या गावातून खास मागवलेला, लाल, माझ्याच मापाने सहा मीटर कापलेला. दोन माणसांनी उलगडला. त्याचं एक टोक मावशीच्या खुर्चीखालून जाऊन भिंतीवर वीतभर चढलं.

"उस्तो!" मुअल्लिम ओरडले. "हे काय आहे? गालिचा जमिनीवर घालतात की भिंतीवर?"

"दोन्हीकडे घालतात," मी म्हणालो. मला तेव्हा भान नव्हतं.

"जीभ भारी चालते! माप कुणी दिलं होतं?"

"मीच. हॉल सहा साठचा आहे."

"मग मोजा."

मी मोजला. ते शेजारी कमरेवर हात ठेवून उभे. पट्टीवरचा आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की शाळेत नापास झालेल्या पोराकडेही कुणी तसं बघणार नाही.

"मुअल्लिम, फरश्या मोजा. बावीस आहेत. हॉल लहान होतोय. ती मधली माती आपण काढली तेव्हापासून..."

"उन्हात टोपी घालत चला," ते म्हणाले. "आणि हे बाहेर कुणाजवळ बोलू नका. समितीच्या कानावर गेलं तर तुमच्याबरोबर माझीही वरात निघेल."

गालिचा कापून साडेपाच मीटर केला. एवढा सुंदर गालिचा, पण कापताना मला जराही वाईट वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी तो पुन्हा भिंतीवर चढला होता.

मी चित्र तपासलं. टेकडीवर काढलेला फोटो घेऊन शिडीवर चढलो आणि रेघ न रेघ ताडून बघितली. कुठेही काही हललेलं नव्हतं. हत्तीचा डोळा जिथे होता तिथेच, सोंड तेवढीच वर, पाचही भाले त्याच कोनात. काही हललं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणाला बोट दाखवून सांगता तरी आलं असतं.

५

"ओल्या नमद्याचा, भिजलेल्या लोकरीचा वास येतो," मावशी म्हणाली. "आणि गवताचा. तुला नाही येत?"

मला येत होता. आमच्या खोऱ्यात हत्ती कुणी पाहिलेला नाही, वास कसा असतो मला काय ठाऊक. मी म्हणालो, नवीन गालिच्याचा असेल.

"गालिच्याचा वास मी ओळखते. माझ्या लग्नात चार आले होते." तिने आवाज खाली आणला. "आणि दुपारी, सगळे जेवायला जातात ना, तेव्हा तिथे कुणीतरी श्वास रोखून उभं असतं. एक जण नाही. मधूनच एकाचा सुटतो आणि तो पुन्हा रोखतो."

मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो. खिडकीतून पोपलरची झाडं दिसत होती, चहाच्या टपरीवर कुणी रेडिओ लावला होता. भर दिवस. मी कान दिला आणि रेडिओ थांबल्यावर मला कड्यांचा बारीक आवाज आला, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळल्यावर येतो तसा. मग रेडिओ पुन्हा सुरू झाला.

"मावशी, घरी चल."

"आणि खुर्ची?"

"जाऊ दे खुर्ची."

"हो का! उद्या समिती येणार, रिकामी दिसली की फत्तोह मेव्हणीला आणून बसवेल. चहा कसा करायचा तेसुद्धा येत नाही तिला. आठ वर्षं मी या हत्तीबित्तीसारखी किती जनावरं सांभाळलीत!" मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लहानपणी बोकडाला घाबरायचास. आठवतं? शेजारच्या गल्लीत बोकड बांधला की तू पदराखाली."

मी तिचा हात धरून ठेवला आणि मनात म्हणालो, सही तुझ्यासाठी केली, आणि तुलाच इथे बसवून ठेवलं. मला माझ्या त्या सहीची शिसारी आली.

उठताना मी पुन्हा मोजलं. पाच तीस. सहा साठमधून पाच तीस गेले की किती उरतात ते मला पट्टीशिवाय कळलं. मी बरोबर तेवढीच माती काढली होती.

६

मुअल्लिमांकडे मी शेवटचं गेलो. ते स्वागताचं भाषण पाठ करत होते. मी म्हणालो, हत्तीचं शेपूट गोदामात ठेवू, पुढचा भाग डावीकडे सरकवू, मधली माती पूर्ण करू. ते म्हणाले, "बिनशेपटाचा हत्ती समितीला दाखवू? तुम्ही मला बिनडोक्याचा समजता काय?" आणि दार दाखवलं.

मग विचारायचं कुणाला? एक ते दोन म्युझियम जेवायला बंद असतं. मी दोन मजूर बोलावले आणि हत्यारं घेऊन हॉलमध्ये आलो.

"मावशी, तू बाहेर जा. मागच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बस, शुर्पा खा. मी रश्श्याचा डबा ठेवलाय."

"हॉल उघडा असताना राखणदार बाहेर जात नाही."

"एकदा, फक्त एकदा माझं ऐक!" मी ओरडलो. सबंध आयुष्यात मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. तिने माझ्याकडे बघितलं, रजईची घडी उचलली आणि काठी टेकत निमूट बाहेर गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

हत्तीचं डोकं आणि पुढचे पाय एकाच तुकड्यावर होते. आम्ही स्क्रू काढले, तुकडा गाडीवर घेतला. हॉलमध्ये तो उभा करता येईना, गालिच्यावर घसरत होता. म्हणून मागच्या दाराबाहेर नेला. आमचा कॉरिडॉर चौदा मीटर लांब आहे. मधोमध बाक, पार टोकाला माझ्या कार्यशाळेचं दार. तुकडा मी त्या टोकाला भिंतीशी टेकवला, चित्राची बाजू इकडे करून. मजुरांना हॉलच्या पुढच्या दाराने जेवायला पाठवलं. मावशी बाकावर बसून शुर्प्यात रोटी कुस्करत होती.

"झालं?"

"पाच मिनिटं. शेपूट काढतो, मग हे डोकं परत आत नेतो."

"घाई करू नकोस. बोट चेंगरशील."

हॉलचं मागचं दार लोटून घेतलं आणि पट्टी टाकली. सहा साठ. पुन्हा टाकली. सहा साठ! गालिच्याचं टोक भिंतीवरून उतरून जमिनीवर सपाट पडलं होतं. वास गेला होता. भिंतीवर पाच शिपाई भाले रोखून उभे होते आणि त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. मी वेड्यासारखा हसायला लागलो.

"मावशी!" मी हाक मारली. "सहा साठ!"

ती काहीतरी बोलली. नीट ऐकू आलं नाही, कारण रोजच्यापेक्षा तिचा आवाज जाड वाटला, मध्ये रजई धरल्यासारखा. मी दाराकडे गेलो. ते दार बाहेर उघडतं. मी ढकललं.

दार चार बोटं उघडलं आणि अडलं. फटीत, माझ्या चेहऱ्यापासून हातभरही नाही इतक्या जवळ, तो डोळा होता. रंगवलेलाच, मी स्वतः जाळी लावून सोडवलेला, कडेला तीच भेग. मी ज्याला चौदा मीटर लांब टेकवून आलो होतो त्याच्या आणि दाराच्या मध्ये बाकाला जागा नव्हती. माणसाला जागा नव्हती. ओल्या नमद्याचा वास फटीतून माझ्या तोंडावर आला.

आणि त्याच्या पलीकडून मावशी म्हणाली, अगदी तिच्या नेहमीच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात, "दार ढकलू नकोस रे मिर्झो. इथे जागा नाही."

मी दार ओढून घेतलं.

दुसरं कुणी असतं तर खांदा लावला असता, आरडाओरड केली असती. मी तिचं ऐकलं. ती म्हणाली आणि मी ऐकलं, चार वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकत आलो तसं. दोन श्वास थांबलो असेन. मग सगळा जोर लावून दार उघडलं, आणि ते इतकं सहज उघडलं की मी बाहेर पालथा पडलो.

चौदा मीटर कॉरिडॉर. टोकाला भिंतीशी टेकलेला तुकडा. मधोमध बाक, बाकावर रजईची घडी, वाडग्यातल्या शुर्प्यावरून वाफ येत होती. काठी खाली फरशीवर होती, दोन तुकडे झालेली.

७

पोलिसांनी मला एकच प्रश्न चार दिवस विचारला: बाई कुठल्या दिशेने गेल्या? कॉरिडॉरला हॉलखेरीज एकच दार, माझ्या कार्यशाळेचं, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. मुअल्लिमांनी मात्र लेखी दिलं की राखणदार स्त्री वयोमानाने भ्रमिष्ट झाली होती आणि कामाची जागा सोडून निघून गेली. "जागा सोडून," असं लिहिलं त्यांनी. आठ वर्षांत कामाच्या वेळी जी एकदाच हॉलबाहेर गेली, आणि तीही मी ओरडलो म्हणून.

समिती दोन दिवस उशिरा आली. मजुरांनी माझ्याशिवाय हत्तीचं डोकं पुन्हा जागेवर लावलं, दहा सेंटिमीटर अंतर ठेवून. सगळ्यांना चित्र फार आवडलं. खुर्चीवर आता मुअल्लिमांची मेव्हणी असते. तिला मी पहिल्या दिवशी सांगितलं, पावलं मोजत जा, एकसुद्धा कमी झालं की मला हाक मार. ती मुअल्लिमांकडे तक्रार घेऊन गेली. पण तिला भ्यायचं कारण नाही. हत्तीचं डोकं पुन्हा ढालीपाशी आहे तरी हॉल घटत नाही, मावशीवर हिशेब मिटला असावा. मी रोज मोजतो. सहा साठ. पट्टी पुन्हा अगदी खरं बोलायला लागली आहे, आणि मला तिचा एवढा राग कधीच आला नव्हता.

पोलिसांनी कॉरिडॉरही मोजून घेतला. चौदा मीटर, कमी नाही, जास्त नाही.

एक वाजता सगळे जेवायला गेले की मी हॉलच्या आतून ते दार ढकलतो. हळू, चार बोटं. ते कुठेतरी अडावं, पलीकडून मला कुणी रागवावं, म्हणून हात तसाच दारावर ठेवून उभा राहतो. या वेळी मी ऐकणार नाही, काय वाटेल ते म्हण, मी दार सोडणार नाही. पण दार अडत नाही. ते पूर्ण उघडतं, आणि समोर सगळी चौदा मीटर जागा रिकामी असते.